अंगठ्यावरचा दाब

मामंजी, तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला अशी समोरून हाक कधी मारली नाही. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, ही आपल्या घरातली रीत. लोकांना वाटतं, बिचारी किती सोसलं असेल हिनं. खरं सांगायचं तर ती रीत मला बरीच सोयीची पडली. तोंड बंद असलं की कान उघडे राहतात, आणि पुढं माझं सगळं कानांवरच चाललं. आता तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयापेक्षा माझं वय जास्त झालंय. म्हणजे मी तुमच्याहून थोरलीच झाले, तेव्हा बोलायला हरकत नसावी.

निमित्त असं झालं. गेल्या आठवड्यात नगरहून एक डॉक्टर आले. लढाईच्या काळातली जुनी जीप त्यांनी हौसेनं घेतलीय. रंग दिलाय, सीट शिवून घेतल्यात, सगळं झकास. फक्त इंजिन धड चालेना. तीन गॅरेजं फिरून झाली, तेव्हा कुणीतरी सांगितलं, नेवाशाच्या पलीकडं सुनबाईकडं न्या. हो, अजून मला सुनबाईच म्हणतात. नातसून आली घरात, तरी मी आपली सुनबाई. गुडघे धरल्यामुळं मी खाटेवरच बसून म्हटलं, करा चालू. थोडं ऐकलं आणि सांगितलं, "पॉइंटमधलं अंतर जास्त झालंय, त्यामुळं ठिणगी वेळेच्या आधी पडतेय." डॉक्टर समजुतीनं हसले, म्हाताऱ्या माणसाकडं बघून हसतात तसं. मग मी उठले. अर्ध्या तासानं त्यांचं हसू गेलं आणि गाडी घड्याळासारखी चालायला लागली. "आजी, कुठं शिकलात हे?" म्हणाले. मी म्हटलं, "घरी. सासऱ्यांनी शिकवलं." त्यांना ती चेष्टाच वाटली. तेव्हापासून तुमची आठवण काही केल्या जात नाही, म्हणून वही घेऊन बसले आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा आपली जीप अंगणात लिंबाखाली उभी होती. लष्कराच्या लिलावात घेतलेली, स्टिअरिंग डाव्या हाताला, टपाच्या जागी ताडपत्री. तुमची अर्धी हयात फौजेच्या वर्कशॉपात गेलेली, लढाईत ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेले तुम्ही. आजूबाजूच्या गावांत तुम्हाला नावानं कुणी ओळखत नव्हतं, मिस्त्री म्हटलं की तुम्ही. तुमचे चिरंजीवही फौजेतच, पण बंदूकवाले. पाना आणि पक्कड यांतला फरक त्यांना शेवटपर्यंत कळला नाही. मी बेलापूरची. माहेरी पिठाची गिरणी, ऑइल इंजिनावर चालणारी. इंजिनाचा ठोका जरा बदलला की आई चुलीपुढून ओरडायची, "बघा ओ, पट्टा घसरतोय!" आणि पट्टा घसरतच असायचा. तेव्हा कान मी माहेराहून आणले होते, हात तुम्ही दिलेत, असंच मी सगळ्यांना सांगते.

आपलं बोलणं सासूबाईंमार्फत चालायचं; मी त्यांना आत्याबाई म्हणायची. तुम्ही ओसरीवरून म्हणणार, "चहा मिळंल का म्हनावं." आत्याबाई माझ्यापासून हातभर अंतरावर बसून मला सांगणार, "चहा मागत्यात." मी म्हणणार, "दूध नासलंय म्हणावं." त्या ओसरीकडं तोंड करून, "दूध नासलंय म्हनती." सगळ्यांना सगळं ऐकू जायचं, तरी निरोप पोचल्याशिवाय तुम्ही हलायचा नाहीत. मला आधी फार हसू यायचं. नंतर त्यातलीही ऐट कळायला लागली. समोर न बघता, नाव न घेता तुम्ही घरातल्या सुनेची किती काळजी घेत होतात, हे त्या निरोपांतूनच मला कळलं. "डोकं दुखतंय वाटतं कुनाचं, दळन उद्या करा म्हनावं," हेही त्याच वाटेनं यायचं.

आत्ता लिहिताना तो दिवस डोळ्यांपुढं आहे. तुम्ही बॉनेट उघडून वाकलात. डेल्कोचं, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डब्याचं, झाकण काढलंय. आतल्या त्या दोन बारीक टिकल्या, पॉइंट म्हणायचे त्यांना. इंजिन फिरलं की उघडतात, मिटतात, आणि उघडल्या क्षणी प्लगला ठिणगी जाते. किती उघडायच्या आणि नेमक्या कधी, यावर सगळ्या गाडीचा जीव. तुमच्या हातात पोलादाचं पातळ पान आहे, ते त्या फटीत घालून अंतर मापायचं. पान फटीत जात नाही. हात थरथरतोय. लांबचा रस्ता तुम्हाला स्वच्छ दिसायचा, पण हाताजवळचं चाळिशी लावूनही दिसेना. तीनदा, चारदा, पाचदा. मी ज्वारी पाखडता पाखडता बघते आहे. शेवटी तुम्ही सरळ उभे राहिलात आणि जीपलाच म्हणालात, "बाई, या घरात कुनाचे डोळे धड हायेत का न्हाई?" आत्याबाई म्हणाल्या, "माझे तर न्हाईत. सुनबाईचे हायेत." तुम्ही ते पान मडगार्डवर ठेवलंत, पाच पावलं लांब जाऊन दगडावर पाठमोरे बसलात. मी सूप खाली ठेवलं.

मग सुरू झाली आपली शाळा. तुम्ही पाठमोरे बसून जीपला शिकवायचात आणि मी जीपच्या वतीनं शिकायची. "हे बघ बाई, पान आत जाताना नुसतं चाटून गेलं पायजे. अडलं तर फट कमी. ढिलं गेलं तर जास्त." मी म्हणायची, "आत्याबाई, गेलं चाटून म्हणावं." आत्याबाई वैतागून, "गेलं म्हनती चाटून. काय चाटून गेलं, देव जाने!" गावात बोलवा झाली की मिस्त्रीच्या डोक्यावर परिणाम झालाय, जीपशी बोलत बसतो. तुम्ही ते हसण्यावारी नेलंत. तिकडं मी पॉइंट घासून स्वच्छ करायला शिकले, प्लगचा रंग बघून इंजिनाची तब्येत सांगायला शिकले. चार सिलिंडरांत ठिणगी एक, तीन, चार, दोन अशा क्रमानं पडते; ते मी भाकरी थापताना म्हणायची. एक-तीन-चार-दोन, भाकरी तव्यावर. नखांतलं काळं काही जाईना, तेव्हा आत्याबाईंनीच चुलीतली राख आणून दिली. रागावल्या नाहीत. "माज्या हातून उभ्या जन्मात चूल सोडून काय झालं न्हाई," एवढंच म्हणाल्या, आणि ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

पुढं बहात्तरचा दुष्काळ आला. माळावर पाझर तलावाचं काम निघालं. आपल्या आणि आसपासच्या गावांतली माणसं, बायका तिथं माती उपसायला, खडी फोडायला जायची. तिथं प्यायला थेंब नाही. नदीपात्रातल्या विहिरीवरून पिंपं भरायची, ट्रेलर जीपला जोडायचा आणि माळ चढून पाणी पोचवायचं, हे काम तुम्ही घेतलंत. शेवटच्या चढणीला बैलं टेकीला यायची, जीप चढायची. आणि नेमकी तेव्हाच ती रुसायला लागली. चढणीवर धापा टाकायची, फटफट करायची, बंद पडायची. एकदा बायका दुपारपर्यंत पाण्याविना राहिल्या. मुकादम घरी येऊन सांगून गेला, उद्या पाणी वेळेवर आलं नाही तर मी दुसरी सोय बघतो. चुलत सासरे तर टपलेलेच होते. ओसरीवर बसून म्हणाले, "दादा, हात चालंना तुजा. उद्या जीप चढली न्हाई तर भंगारवाल्याला देऊन टाकू. हसं नको गावात." तुम्ही खाली बघत म्हणालात, "बरं. न्हाई चढली तर दिऊन टाकू." मी दाराआड उभी होते. जीप गेली तर तुम्ही मिस्त्री राहणार नव्हतात, नुसते ओसरीवरचे म्हातारे होणार होतात. आणि मी पुन्हा नुसत्या भाकरी थापणार होते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

खोड सापडली होती: डेल्कोच्या झाकणाला बारीक तडा गेलेला, त्यातून ठिणगी भलतीकडं पळत होती. नगरहून नवं झाकण येऊन पडलं होतं. सकाळी तुम्ही घाईघाईनं जुनं काढलंत, आणि काढताना चारही वायरी एकदम उपसल्यात. एकेक काढून नव्यात लावायची असते हे तुम्हीच जीपला दहा वेळा सांगितलेलं. पण घाई आणि थरथरते हात. आता पहिल्या नंबरची वायर कुठली जागा धरणार, हे नव्यानं ठरवायचं आलं. तुम्ही पुढं हॅन्डल घालून इंजिन हळूहळू फिरवायला लागलात. मला निरोप आला, इंजिनाच्या मागच्या भोकातून आतल्या जड चाकावरची खूण दिसली की सांगायचं. खूण आली. मी म्हटलं, "आत्याबाई, आली म्हणावं." झाकणाच्या आतला फिरता काटा, रोटर, ज्या बाजूला तोंड करून होता तिथं मी पहिली वायर लावली, तिथून एक-तीन-चार-दोन. सगळं पुस्तकातल्यासारखं. तुम्ही सेल्फ मारला.

मामंजी, तो आवाज मी अजून विसरले नाही. सायलेन्सरमधून तोफ सुटल्यासारखा धडाका, आणि कार्बोरेटरमधून हातभर जाळ. माझ्या कपाळावरचे केस जळाले. कोंबड्या पार आडात पडायच्या बाकी. चुलत सासरे सकाळपासून त्यासाठीच आल्यासारखे बसले होते. मांडीवर थाप मारून हसले. "बाईच्या हातात इंजिन दिलं की आसंच हुतंय!" तुम्ही उडी मारून खाली आलात. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलंत आणि ओरडलात, "कळत न्हवतं तर इचारायचं हुतं!" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, माझं मलाच कळलं नाही, "कुणाला विचारू? विचारायला तोंड आहे का मला या घरात?"

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, संपलं, आता बेलापूरची एस.टी. तुम्ही फडकं घेऊन कार्बोरेटरवरची काजळी पुसलीत. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "तिची चूक न्हाई. खून दोनदा येती. एकदा खरी, एकदा खोटी. खरी कोनती ते वळखायला पयल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठिवावा लागतोय. ते मी सांगितलंच न्हाई." का सांगितलं नाहीत, हे मला तिथल्या तिथं उमगलं. अंगठा ठेवायचा म्हणजे सुनेनं इंजिनावर वाकायचं आणि सासऱ्यानं समोर उभं राहून हॅन्डल फिरवायचं. दोघांची तोंडं वीतभर अंतरावर. मर्यादा सांभाळायची म्हणून तुम्ही शिकवणीतली एक पायरीच गाळली होतीत. फौजेत अशी चूक कुणी केली नसती. ती आपल्याच घरात होऊ शकत होती.

"हिकडं ये," तुम्ही म्हणालात. "पदर खोच. जळंल न्हाईतर." मी पदर कमरेला खोचला. डोकं उघडं. पहिला प्लग काढला, भोकावर अंगठा दाबून धरला. तुम्ही समोर हॅन्डल धरलंत. एक फेरा गेला, काही नाही. दुसऱ्या फेऱ्याला आतून हवा आली. आधी हलकी, मग अशी काही की अंगठा फट्कन उडाला. तुम्ही विचारलंत, "लागला दाब?" मी सरळ तुमच्याकडं बघून म्हटलं, "लागला." आपल्या दोघांचं ते पहिलं धड बोलणं. "आता येनारी खून खरी." खूण आली. वायरी उलट्या बाजूला फिरवल्या. गेल्या वर्षीच्या पंचांगाचं पान फाडून पॉइंटमध्ये धरलं, आत्याबाई "आवो पंचांग!" म्हणेपर्यंत फाडून झालंही होतं. डेल्को केसाकेसानं फिरवायचा, आणि ज्या क्षणी तो कागद सुटतो तिथं थांबायचं, तीच ठिणगीची वेळ. कागद सुटला. बोल्ट आवळला. सेल्फ मारला, आणि जीप पहिल्या फटक्यात लागली. चुलत सासऱ्यांना एकाएकी शेतावरचं काम आठवलं.

तुम्ही म्हणालात, "हे झालं निम्मं. वझं घेऊन चढताना ठिणगी लवकर पडत आसंल तर इंजिन कडकड करतंय, डब्यात हरभरे हलवल्यावानी. माझ्या कानाला आता ते गावत न्हाई. चल." मी ट्रेलरवर चढायला निघाले, तर तुम्ही शेजारच्या सीटवर थाप मारलीत. "मागं बसून काय ऐकू येनार? फुडं बस." नेवाशाच्या बाजारातही त्या काळी सून सासऱ्याच्या शेजारी बसून गेलेली कुणी बघितली नसेल. मी बसले. पिंपं भरली. गावातून जाताना माणसं ओट्यावरून उठून बघत होती, आणि मामंजी, मी मान खाली घातली नाही. घालवेना. चढणीच्या पायथ्याला कडकड सुरू झाली. "वाजतंय," मी ओरडले. तुम्ही थांबवलीत, मी उतरून चाकामागं दगड लावला, डेल्को केसभर मागं घेतला. पुन्हा निघालो. अजून वाजतंय. पुन्हा उतरले, पुन्हा केसभर. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा माळाच्या वर कामावरच्या बायका दिसायला लागल्या. हातातलं टाकून त्या उभ्या राहिल्या होत्या, डोक्याला फडकी बांधलेल्या, धुळीनं पांढऱ्या झालेल्या. एक म्हणाली, "आगं, मिस्त्रीची सून हाय ती!" तुम्ही गिअर धरून मला विचारलंत, "वाजतंय का?" मी म्हटलं, "नाही." आणि जीप चढली. मुकादमानं विचारलं, कुणी बसवलं टायमिंग? तुम्ही स्टिअरिंगवरचा हात उचलून माझ्याकडं केलात. "ह्या मिस्त्रीनं."

त्यानंतर तुम्ही पॉइंटला हात लावला नाहीत. बॉनेट उघडं असलं की आपण सरळ बोलायचो. ते बंद झालं की पुन्हा आत्याबाई मध्ये. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो दुष्काळ सरला, पुढं आणखी तीन-चार वर्षं आपण जोडीनं काम केलं. तुम्ही गेलात तेव्हा आजूबाजूच्या साखर कारखान्यांच्या जीपा आपल्या लिंबाखाली उभ्या राहायला लागल्या होत्या. कुणाला बाई बघून शंका यायची. मी त्यांना एवढंच म्हणायची, करा चालू, ऐकते. माझ्या हाताखाली शिकलेल्या माणसांनी पुढं स्वतःची गॅरेजं काढली. त्या प्रत्येकाला मी अंगठा ठेवायला लावला, आणि समोर हॅन्डलवर मी उभी राहिले, त्यांना संकोच वाटला तरी. तुम्ही दिलेली विद्या मी कुठं पातळ होऊ दिली नाही. हे मी अभिमानानं सांगते आणि सांगणारच.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही. घरच्यांना तर नाहीच, कारण त्यांनी माझ्याकडून त्या चढणीची गोष्ट पन्नास वर्षं वेगळी ऐकली आहे. ती अशी, की तिसऱ्या वेळेला मी डोळे मिटून कान लावला, इंजिन मऊ झालेलं ऐकलं आणि मगच तुम्हाला सांगितलं. तसं काही झालं नाही, मामंजी. त्या बायका बघत होत्या, माझा ऊर भरून आला होता, आणि कानात माझ्याच छातीचे ठोके सोडून काही नव्हतं. वाजत होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही. तुम्ही विचारलंत, आणि त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गाडी थांबवून खाली उतरणं माझ्या जिवावर आलं, म्हणून मी नाही म्हटलं.